बाहीतली चुणी

झेरॉक्सकाकांच्या दुकानात रांग होती, आणि माझ्या मागे उभं असलेलं कुणीतरी माझ्या खांद्याकडे टक लावून बघत होतं.

“रागावू नका,” मागून आवाज आला, “पण तुमच्या जॅकेटच्या बाह्यांत कापड जास्त झालंय. एक सेंटीमीटर. खांद्याशी चुण्या पडल्यात बघा.”

मी वळले. विस्कटलेले केस, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. नजर मात्र टिंगल करणारी नव्हती... एखाद्या आजारी माणसाची विचारपूस करावी तशी होती.

जॅकेट मीच शिवलेलं. उत्तर जिभेवर आलं होतं, पण घड्याळात साडेआठच झाले होते. मी पिशवीतलं कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. ‘नऊपर्यंत मौन.’

आई आजारी होती तेव्हा धरलेला नेम. उठल्यापासून नऊपर्यंत बोलायचं नाही. मनात नाम, हातात काम. आई बरी झाली, नेम राहिला.

त्याने कार्ड वाचलं. हसला नाही. तेवढ्यानेच तो मला थोडासा आवडला.

“बरं झालं,” तो म्हणाला, “म्हणजे नऊपर्यंत तरी मला बोलणी खावी लागणार नाहीत.”

“तिला छळू नकोस रे,” काका मशीनमागून ओरडले.

“छळत नाहीये काका, माफी मागतोय. त्या बाहीतली चूक माझी आहे.”

माझ्या भुवया वर गेल्या. त्याने माझ्या हातातल्या मोठ्या कागदाकडे बोट दाखवलं. बाहीचा नमुना झेरॉक्स करायला आणला होता मी, त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं — ‘मास्तर, आवृत्ती दोन’. आमच्या शिवणकलेच्या कॉलेजात सगळे कॉम्प्युटरवर नमुने काढतात ते याच प्रोग्रामवर. मापं घाला, मास्तर नमुना काढून देतो.

“मास्तर मी लिहिलाय,” तो म्हणाला. “दुसऱ्या आवृत्तीत बाहीचा गोलावा मुंढ्यापेक्षा, म्हणजे खांद्याशी ती बसते त्या गोल कापापेक्षा, मोठा यायचा. तीन वर्षांपूर्वी दुरुस्त केलं. ज्यांनी विकत घेतला त्यांना तिसरी आवृत्ती फुकट पाठवली. ज्यांनी चोरला त्यांना... कुठे पाठवणार?”

मी नमुना झेरॉक्स करून घेतला आणि जवळजवळ पळतच बाहेर पडले.

कारण माझ्या पिशवीत, डब्याशेजारी, एक लाल पेन ड्राइव्ह होता. मी वर्गप्रतिनिधी. नवीन वर्ग आला की खडू, कापडी टेप आणि त्या पेन ड्राइव्हमधला मास्तर सगळ्यांना द्यायचं काम माझं. तीन वर्षं मी ते मनापासून करत होते. विद्यादान समजून.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्ससाठी वेगळ्या दुकानात जायचं ठरवलं होतं. पाय जुन्याच दुकानाकडे वळले.

तो पायरीवर बसला होता, हातात दोन चहा. “एक नऊनंतरचा,” तो म्हणाला आणि माझ्या कपावर बशी झाकून ठेवली. मग नऊ वाजेपर्यंत तोच बोलत राहिला. दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. आई शिवणकाम करायची. नमुने काढून काढून तिची पाठ वाकली, म्हणून हा प्रोग्राम. पहिलं गिऱ्हाईक आईच. “आणि सगळ्यात कटकटी.”

शेजारच्या शाळेची नऊची घंटा झाली. मी बशी उचलली. “एक विचारू?”

“अरे वा! आवाज आहे तर. मला वाटलं, ‘नऊनंतर बोलते’ म्हणून काकांनी उगाच आशा लावली.”

“आम्हाला वाटायचं, मास्तर म्हणजे मोठी कंपनी असेल. काचेची इमारत वगैरे.”

“काच आहे ना. वर खिडकीला. एक फुटलीय, त्याला पुठ्ठा लावलाय.”

मी हसले. मग हसू आपोआप विरलं. “मुलं चोरून का वापरतात, ठाऊक आहे? तो घ्यायचा तर सत्राची फी जाते. अभ्यासक्रमात तर तोच लावलाय. आणि आपण एकट्याने नाही वापरला तर आपलंच काम मागे पडतं. चोरी करतोय असं कुणाला वाटतच नाही हो. मैत्रिणीकडून सुई मागून घ्यावी, तसं वाटतं.”

त्याने कप खाली ठेवला. “विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर मी कधी ठेवलाच नाही. सुचलंच नाही मला. हे माझं चुकलं.”

असा माणूस. चूक म्हटलं की आधी स्वतःचा खिसा चाचपणारा.

मग रोजच चहा, रोजच बशी. मौनात त्याचं बोलणं ऐकायचं, नऊनंतर मी बोलायचं. तो मला ‘नऊनंतर’ म्हणायला लागला. काका म्हणायला लागले, “तुमचे दोन चहा आणि माझा एकही नाही, हा कुठला न्याय?” एकदा त्याने माझ्या बाहीवरची चुणी बोटाने नुसती दाखवली... लावलं नाही बोट. दिवसभर मला तिथे ऊब जाणवत होती.

एका बुधवारी मात्र तो गप्प होता. “मास्तर बंद करतोय बहुतेक. लांबच्या एका कपड्यांच्या कारखान्यात नोकरी मिळतेय. शनिवारी उत्तर द्यायचंय.” मग हळूच म्हणाला, “तुमच्या कॉलेजात दीडशे तरी मुलं मास्तर वापरत असतील. विकत घेतलेला एकही नाही. कुणीतरी एकच जण वाटत असणार. भेटला ना, तर रागवायचं नाही मला. फक्त विचारायचंय, मला एकदा येऊन का नाही विचारलं?”

घंटा झाली.

मी बशी उचलली नाही.

“नऊ वाजून गेले,” तो म्हणाला. “बोला की.”

मी कार्डाकडे बघत राहिले. नेम धरल्यापासून पहिल्यांदा कळलं, मौन वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. मौनात मन हलकं होतं. त्या दिवशी ते शिशासारखं जड झालं होतं. संध्याकाळी देवापुढे हात जोडले, तर ओठांवर नाम येईना. लाल पेन ड्राइव्हच डोळ्यांसमोर येत राहिला.

गुरुवारी नऊची घंटा झाली तशी मी तो पेन ड्राइव्ह त्याच्या तळहातावर ठेवला.

“मीच,” मी म्हटलं. “तीन वर्षं. प्रत्येक नव्या वर्गाला.”

त्याने मूठ मिटली. परत उघडली. “काल माहीत होतं तुम्हाला.”

“पहिल्या दिवसापासून.”

तो उठला आणि जिना चढून गेला. त्याचा चहा तसाच राहिला, माझाही. काकांनी दोन्ही कप आत नेले.

कॉलेजात पोचले आणि वर्गासमोर उभी राहिले. म्हटलं, मास्तर लिहिणारा एक माणूस आहे, दुकानावरच्या एका खोलीत राहतो. आणि आपल्या बाह्यांना चुण्या पडतात त्या आपले हात वाईट म्हणून नव्हे. आपण चोरलेली आवृत्ती चुकीची आहे म्हणून.

तीन वर्षं सगळ्या जणी स्वतःच्या हातांनाच दोष देत आलेल्या.

“अगं बाई,” माझी मैत्रीण म्हणाली, “म्हणजे रडून रडून धावदोरे उसवले मी, ते फुकटच?” मग डोळे बारीक करून, “पण हा दुकानावरचा माणूस तुला इतका ठाऊक कसा गं?”

वर्ग हसला. आम्हाला नमुने शिकवणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. “पेन ड्राइव्ह तिच्या हातात मी दिला होता,” त्या म्हणाल्या. “कॉलेजने विकत घ्यावा म्हणून एकदाही अर्ज केला नाही. आज करते.”

मुलींना म्हटलं, नुसती माफी मागू नका, त्याच्या कामाला येईल असं काही द्या. प्रत्येकीने एका कागदावर लिहिलं — मास्तर कुठे अडतो, कुठलं माप दोनदा विचारतो, कॉलर कुठे बिघडते. चाळीस कागद. शुक्रवारी ते काकांकडे ठेवले. वर जायचा धीर झाला नाही.

शनिवारी साडेआठला मी पायरीवर बसले होते. झेरॉक्स काढायची नव्हती. नुसतीच बसले होते.

तो खाली आला. दोन चहा, एकावर बशी.

“रात्री आईला फोन केला,” तो म्हणाला. “सगळे कागद वाचून दाखवले. ती म्हणाली, इतकी कटकटी गिऱ्हाइकं सोडून कारखान्यात कुठे जातोस?” तो शेजारी बसला. “कारखान्याला नाही म्हणून कळवलं. शिकणाऱ्यांना मास्तर आता शिकून होईपर्यंत फुकट. फक्त ज्याचा त्याने माझ्याकडून मागून घ्यायचा. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं नाव छापून येईल. आपलं नाव असलेली वस्तू माणूस सहसा दुसऱ्याला वाटत सुटत नाही.”

त्याने एक कागद पुढे केला. नव्या बाहीचा नमुना. कोपऱ्यात माझं नाव. दुसरा कागद त्याने स्वतःच्या मांडीवर ठेवला. मुंढ्याचा, जिथे ती बाही जोडायची.

“रागावलो होतो,” तो म्हणाला. “अजून थोडा आहे. पण दोन दिवस चहा बेचव लागला... त्याचं काय करू, ते मास्तरला विचारून कळेना.” तो थांबला. “मला तुमच्याबरोबर... म्हणजे रोजच... उत्तराची घाई नाही. नऊला अजून आठ मिनिटं आहेत.”

आठ मिनिटं! नेम मोडणार नव्हतेच मी. पण हातांना कुठलं मौन?

मी पिशवीतली कात्री काढली. शिवणकामात दोन तुकडे एकमेकांना नेमके कुठे जोडायचे, त्याची खूण म्हणून दोन्हींच्या कडेला एक बारीकशी खाच देतात. माझ्या बाहीच्या कडेला मी एक खाच दिली. मग त्याच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला आणि त्याच्या कडेलाही, तिच्याच समोर, एक.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. खाचेला खाच भिडली. चुणी कुठेच नव्हती.

मास्तर लिहिणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं? त्याचे कान लाल झाले. तो काही बोलायला गेला आणि बोलताच आलं नाही त्याला. घंटा होईपर्यंत आम्ही दोघंही मौनात बसलो.

नऊ वाजले. त्याने माझ्या कपावरची बशी उचलली.

“आता बोल,” तो म्हणाला.

तुम्हीचं तू कधी झालं, ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

“तूच बोल,” मी म्हटलं. “रोज मीच का?”