रुमालाखालची बोटं

"शिकवतो म्हनतील पोरी, अन् चा करायले लावतील," माय पार्बताबाईनं बजावलं होतं. सत्यवतीनं ते हसण्यावारी नेलं होतं. नागपूरचा इन्स्पेक्टर साहेब खूश व्हावा म्हणून तिच्या हायस्कुलानं यंदा नवंच काढलं होतं: मॅट्रिकच्या मुलामुलींनी महिनाभर शहरात प्रत्यक्ष काम शिकायचं. सत्यवतीनं अमरावतीतली संत्र्यांची अडत, शेतकऱ्यांचा माल विकून देणारी पेढी, मागून घेतली. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवत. तिचा बाप किसनराव त्यात दरसाल फसायचा. ती बोटांची भाषा तिला यायलाच हवी होती.

पहिल्याच सकाळी अडत्या पंजाबरावानं तिच्या हाती केटली दिली. गादीवर दलालाशेजारी बसला देवीदास, तिच्याच वर्गातला, मूळचा अकोल्याच्या जठारपेठेतला. आजवर तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. कप देताना चहा हिंदकळला, त्याच्या धोतरावर सांडला.

"अवं, भाजून राहिली काय मले?"

"तुले गादी, मले चूल. काहून रे?"

तो ओशाळला. "बाजार उठला का पेट्यांमागं ये... मी शिकलो ते तुले सांगतो."

पेट्यांमागं संत्र्याच्या सालीचा आंबटगोड वास. त्यानं हातावर रुमाल टाकला. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा म्हणजे पाच.

"हात भलताच गरम हाये तुहा."

"सकाळपासून केटली कोन धरून राहिलं?"

"मंग आता मी धरतो."

"केटली?"

तो हसला, पण पंजा सोडेना... तिनंही ओढून घेतला नाही.

"पाच झाले ना? सोड."

"एकडाव अजून मोजतो—"

"पोरीच्या जातीनं रुमालाखाली हात घालावा?" पंजाबराव समोर उभा. "निघ घरी! तू बस रे गादीवर."

आणि देवीदास बसला!

सत्यवतीच्या अंगाचा भडका उडाला. तिनं शाळेत जाऊन तक्रार केली, तर हेडमास्तर म्हणाले, "मुलींना झेपेल असं बघू... शिवणकाम वगैरे." झेपेल? संत्र्यांच्या पाट्या डोक्यावर वाहून वाढलेली पोर ती!

दोन दिवसांनी देवीदास तिच्या बापाच्या मळ्याच्या बांधावर आला. "अडत सोडली मी. तवाच उठाले पाहिजे होतं. भेलो."

"मंग?"

त्यानं रुमालाखालून हात पुढे केला. "मले बोलता नाही येत, सत्यवती... बोटं धर, समजशील."

तिनं रुमाल ओढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि त्याचा उघडा हात हातात घेतला. "झाकून बाजारात चालते. बाबा मोटेवर हायेत. मनात हाये ते त्याइले तोंडानं सांग."

कानापर्यंत लाल होत तो गेला. आणि त्यानं सांगितलंही.

पुढच्या हंगामात सौद्याला सत्यवती स्वतः बसली, दुसऱ्या अडतीवर. शेजारी देवीदास, नवरा म्हणून. पंजाबरावानं तोंड फिरवलं, फिरवू दे. तिचा राग काही निवला नाही, आणि का निवावा?

तुमचीही लेक कुठं काम शिकायला जात असेल. घरी येऊन "बरं चाललंय" म्हणत असेल. उद्या न सांगता तिथं जा, आणि दारातूनच बघा... तिला कुठं बसवलंय.