अबेयन्समधला माग

"कामावरून काढलं असतं, तर चार दिवस रडले असते आणि दुसरीकडे सुई चालवली असती," रफूवाल्या बाई म्हणाल्या. "पण मला काढलंही नाही आणि ठेवलंही नाही. साहेब म्हणाले, तुमची नोकरी अबेयन्समध्ये. मावशी, हे अबेयन्स म्हणजे असतं तरी काय?"

मावशींनी भाच्याकडे पाहिलं. सारं गाव त्यांना मावशीच म्हणायचं, पण सख्खा भाचा हा एकच. तो कचेरीत कारकून होता आणि असल्या शब्दांवरच त्याचं पोट चालत होतं.

"तात्पुरतं थांबवलेलं," भाचा तोंडातला पाव गिळत म्हणाला. "रद्द केलं की फाईल मेली. मंजूर केलं की चालू लागली. अबेयन्समध्ये ठेवली की पडून राहते. कुणी फेकत नाही, कुणी उघडत नाही. आमच्याकडे तर तिच्यावरची धूळसुद्धा पुसत नाहीत."

"तुझं लग्न होणाऱ्या सासऱ्यांनी ठेवलंय तसं," मावशी म्हणाल्या.

भाच्याने दुसरा पाव उचलला. त्या विषयावर त्याचं हेच उत्तर असायचं.

मावशींची उभी हयात जकात नाक्यावर गेली होती. प्रवासी आपणहून उघडून दाखवतो त्या पेटीकडे पाहायचंच नाही, झाकून ठेवलेलीच तपासायची, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आता त्या लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देत.

रफूवाल्या बाईंची हकिगत थोडक्यात अशी होती. त्या विणकामाच्या कारखान्यात जुन्या कापडांची दुरुस्ती करत. एका म्युझियमने नदीकाठच्या हरणाचं चित्र विणलेला रेशमी पडदा त्यांच्याकडे रफूसाठी दिला होता. पडदा शालीएवढा, पण त्याच्या तोडीचा दुसरा कुठे नव्हता. परवा चहाच्या सुट्टीत तो नाहीसा झाला.

"तुम्ही कुठे होतात?"

"साहेबांनी निरोप धाडला, धाग्यांची मागणी ठरवायला या म्हणून. मी त्यांच्या खोलीत गेले, तर ते जागेवर नाहीत. वाट पाहून परत आले, तर टेबल रिकामं. आता साहेब म्हणतात, मी बोलावलंच नव्हतं." बाईंनी पुढ्यातला चहा बाजूला सारला. "उद्या म्युझियमची माणसं येणार. पडदा मिळाला नाही, तर मालकीणबाई पोलिसांना बोलावणार. मग मी कुठल्या तोंडाने कुणाचं कापड हातात घेऊ?"

मावशींनी चपला घातल्या. त्यांच्या होकाराची हीच रीत होती.

कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि भाच्याच्या खिशातून एक केळं काढून दाखवलं.

"आत जातानाच एवढी झडती, तर बाहेर पडताना काय?" मावशींनी विचारलं.

"मालकीणबाईंचीही पिशवी उघडतो, मावशी. पडदा माणसाच्या अंगावरून गेला असेल, तर मिशी उतरवीन."

"आणि कापडाचे गठ्ठे?"

"ते साहेबांच्या सहीने जातात. उलगडून बघायचा हुकूम नाही मला. पण परवापासून एकही गठ्ठा बाहेर गेला नाही. मालकीणबाईंनी सगळं रोखलंय."

"चहाच्या सुट्टीत आत कोण असतं?"

"चिटपाखरू नसतं. सगळे अंगणात, माझ्यासमोर. परवा तर मुख्य विणकर आपल्या सासूच्या नकला करत होता. हसून हसून पोट दुखलं. साहेब तेवढे चहाला कधी येत नाहीत."

मागांच्या दालनात कानठळ्या बसत होत्या. एकच माग मुका होता, पश्चिमेच्या खिडकीखालचा. त्यावर अर्धवट विणलेलं निळं कापड ताणलेलं होतं. विणून झालेला भाग पुढच्या रुळावर गुंडाळलेला होता, रुळाच्या दातेरी चाकाला साखळी आणि साखळीला कुलूप होतं. मागावर पांघरायची जाड चादर बाजूला घडी घालून ठेवली होती.

मुख्य विणकर त्या मागाकडे बघताना सवतीकडे बघावं तसा बघत होता. "एका हॉटेलचे पडदे हो हे. साधं, एकरंगी निळं कापड. अर्ध्यावर असताना हॉटेलवाले म्हणाले, थांबा. महिनोन्महिने थांबलो. गेल्या आठवड्यात त्यांनी कळवलं, हॉटेलच बंद केलं, माल नको. मी कात्री घेऊन आलो, तर साहेब आडवे! म्हणाले, ऑर्डर अबेयन्समध्येच राहू द्या."

"एरवी काय करता?"

"एरवी? रद्द झाल्याचा निरोप आला की साहेबच माझ्या मागे लागतात. कापा, माग मोकळा करा! बंद माग त्यांच्या डोळ्यांत खुपतो. या वेळी कुठून माया आली कोण जाणे. आणि काम थांबल्यापासून कापडावर चादरही घालू देत नाहीत. हा निळा रंग उन्हाला कच्चा आहे, सांगून थकलो. म्हणतात, अबेयन्स म्हणजे अबेयन्स, कुणी बोटही लावायचं नाही."

"झडतीत हा माग तपासला?"

"खाली वाकून पाहिलं. वर तर ताणलेलं कापड. तिथं काय लपणार?"

दुपार कलली होती. खिडकीतून येणारा उन्हाचा झोत मागावर आडवा पडला होता. भाचा त्याच उन्हात उभा राहून केळं सोलत होता. "मावशी, हॉटेलवाल्यांची आवड मात्र झकास हं. गर्द निळ्यात हा आडवा फिका पट्टा काय खुलून दिसतोय!"

"कुठे आहे पट्टा?"

"हा काय, रुळाला लागून. मी उभा आहे तिथून चार बोटं पुढे."

मावशींनी त्या पट्ट्याकडे पाहिलं, उन्हाच्या झोताकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ती भाच्याच्या पाठीवर थाप मारली. केळं खाली पडलं. थाप कशासाठी होती हे त्या बिचाऱ्याला काही उमगलं नाही.

व्यवस्थापक साहेब परीटघडीच्या कपड्यांत बसले होते आणि शब्दही तसेच घडी करून ठेवत होते.

"मी त्या बाईंना बोलावलं नव्हतं. तरी मी त्यांना काढलं नाही. केवळ माणुसकी म्हणून त्यांची सेवा अबेयन्समध्ये ठेवा, असं मालकीणबाईंना सुचवलं."

"उपकारच तुमचे. तो निळा माग मात्र अडून बसलाय."

"हॉटेलवाल्यांचं मन बदलू शकतं. म्हणून तोही अबेयन्समध्ये. गेल्या आठवड्यात मीच कुलूप घातलं. त्यानंतर तो रूळ तसूभर फिरलेला नाही, याची हमी देतो."

"किल्ली?"

साहेबांनी घड्याळाच्या साखळीला लावलेली किल्ली दाखवली. "झोपतानाही काढत नाही. दुसरी किल्ली नाही."

"छान," मावशी म्हणाल्या. "मालकीणबाईंना जरा मागाशी बोलावता का? सगळ्यांनाच बोलवा. ऊन आहे तोवर या म्हणावं."

माग थांबले. दालनात इतकी शांतता पसरली की लोकांना आपल्याच खोकल्याची लाज वाटू लागली. मालकीणबाई काठी टेकत येऊन निळ्या मागासमोर बसल्या. रफूवाल्या बाई दाराशी उभ्या होत्या. आत यायचं की नाही हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"बाईसाहेब," मावशींनी सुरुवात केली, "पडदा फाटकाबाहेर गेलेला नाही. माणसांची झडती झाली आणि गठ्ठा एकही गेला नाही. म्हणजे तो आतच आहे. कपाटं, गाठोडी, छप्पर सगळं शोधून झालंय. मग राहिलं काय? जिथे कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे ती जागा. माझ्या भाच्याने मला एक गोष्ट शिकवली..."

भाच्याने चमकून मागे पाहिलं. दुसरा भाचा आला की काय, असं त्याला वाटलं.

"...की अबेयन्समध्ये ठेवलेली वस्तू कुणी फेकत नाही आणि कुणी उघडतही नाही. लपवायला याहून बरी जागा कुठली? हॉटेलची ऑर्डर मेली होती. मेलेल्या ऑर्डरचं कापड इथे त्याच दिवशी कापतात. तसं झालं असतं, तर हा रूळ सगळ्यांसमोर उलगडला असता. म्हणून एरवी बंद माग डोळ्यांत खुपणाऱ्या साहेबांनी या एका मागावर माया केली. जागा आधी तयार केली, चोरी नंतर."

"हे निव्वळ तर्क आहेत!" साहेब म्हणाले.

"हो का? मग हे कापड सांगेल. विणकरदादा, यात फिका पट्टा विणला होता?"

"छे! एकरंगी आहे."

"तो पट्टा उन्हाने पाडलाय. महिनोन्महिने रोज दुपारी याच जागी ऊन पडलं, तेवढा रंग उडाला. रूळ फिरला नसता, तर आत्ता ऊन बरोबर पट्ट्यावर पडलं असतं. बघा कुठे पडलंय."

सगळ्या माना वाकल्या. ऊन गर्द निळ्या कापडावर होतं. फिका पट्टा चार बोटं पुढे, रुळापाशी सरकला होता.

"कुणीतरी कुलूप उघडलं, गुंडाळलेलं कापड सैल केलं, मध्ये काहीतरी घातलं आणि परत गुंडाळलं. आत भर पडली, रुळाचा घेर वाढला. कापड पहिल्या जागी न थांबता पुढे ओढलं गेलं. चहाच्या सुट्टीत दालन ओस असतं. विणकरदादा तेव्हा सासूच्या नकला करत होते, त्याला सगळे साक्षीदार. रफूवाल्या बाई रिकाम्या खोलीत साहेबांची वाट पाहत होत्या. आणि साहेब? साहेब चहाला कधी येत नाहीत."

"माझी किल्ली कुणी तरी..."

"झोपतानाही काढत नाही म्हणालात. दुसरी नाही, असंही म्हणालात. अशा वस्तूचं गिऱ्हाईक आधी ठरतं, साहेब. ओरड थंडावली की तुम्ही हे कापड कापून तुमच्याच सहीने फाटकाबाहेर काढणार होतात. बाईंना काढलं असतं, तर त्या न्याय मागायला गेल्या असत्या. म्हणून त्यांनाही टांगून ठेवलंत."

मुख्य विणकराने कात्री उचलली. साहेब हात पसरून मागाआड उभे राहिले. "हात लावू नका! हा माग अबेयन्समध्ये आहे. मालकांच्या हुकमाशिवाय..."

"हुकूम उठवला," मालकीणबाई म्हणाल्या. "कापा."

कात्री चालली. साहेबांच्याच किल्लीने कुलूप उघडल्यावर विणकराने रूळ फिरवला, निळं कापड घड्यांनी खाली पडू लागलं. एक फेरा, दुसरा, आणि निळ्यातून एकदम सोनेरी हरणाची मान वर आली. दालनात असा जल्लोष झाला की फाटकावरचा पहारेकरी मिशीला हात लावत धावत आला.

रफूवाल्या बाई मात्र गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी पडदा दोन्ही हातांवर घेतला, उजेडात धरला, नदीच्या काठावरून बोट फिरवलं. "कुठे उसवला नाही," त्या म्हणाल्या आणि तिथेच घळाघळा रडल्या.

मालकीणबाई उठून त्यांच्यापाशी गेल्या. "मी चुकले. तुमच्याबद्दलचा निर्णय लांबवला, तेव्हाच मी तुमच्यावर संशय घेतला होता. त्याला उगाच मोठं नाव दिलं. आजपासून दुरुस्तीचं सगळं खातं तुमचं." मग त्या साहेबांकडे वळल्या. "पोलीस येतीलच. पण यांच्या नोकरीचं काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

बाईंनी पदराने डोळे पुसले. साहेबांकडे त्यांनी प्रथमच सरळ मान वर करून पाहिलं.

"अबेयन्समध्ये नका ठेवू, बाईसाहेब," त्या म्हणाल्या. "काढून टाका."

हशा इतका मोठा होता की पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. विणकर आपापल्या मागांवर गेले. खिडकीखालच्या मागावरही मुख्य विणकर नवा ताणा चढवायच्या तयारीला लागला.

फाटकातून बाहेर पडल्यावर भाचा दहा पावलं मावशींबरोबर चालला. मग तो एकदम उलट दिशेने चालू लागला.

"कुठे निघालास?" मावशींनी विचारलं.

"सासऱ्यांकडे," भाचा म्हणाला. "हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, म्हणून सांगतो."