अकरा औंस

रायफल नीट मारेनाशी झाली की माणसं आधी दुर्बिणीला नावं ठेवतात. मी आधी नळी साफ करतो. गोळीचं तांबं नळीत चिकटून बसतं. ते निघेपर्यंत बाकी काही बोलण्यात अर्थ नसतो. मग दुर्बिणीचे स्क्रू, मग लाकडी दस्त्याचे. मग नळीखालून डॉलरची नोट सरकवून बघायची. नोट अडली, तर तिथे लाकूड नळीला टेकतंय. छत्तीस वर्षं हेच करतोय, आणि मोंटानाच्या या कोपऱ्यात माझ्याशिवाय ते करणारं कुणी नाही. त्याचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या मे महिन्यात मार्ला टोलेफ्सन डेलची रायफल घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आली. डेल तिचा नवरा आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला जाऊन तेरा महिने झाले होते.

"सरळ मारत नाही ही, ऑरिन," ती म्हणाली. "प्रेअरी डॉगनी बिळं करून कुरणाची चाळण केलीय. काल एका कालवडीचा पाय मोडला त्यात. मी नेम धरते इथे, गोळी जाते शेजारच्या काउंटीत."

"रायफलच वाकडी आहे की नेम?"

"डेलला दोनदा हरवलंय मी. तुझ्या डोळ्यांदेखत. विसरलास?"

विसरलो नव्हतो. ती हसली, मीही हसलो, आणि मग दोघांनाही टेबलावरच्या रायफलीकडे बघावं लागलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात तो तुला खचलेला वाटला होता का?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणून तर डोळ्याला डोळा लागत नाही. त्याने माझ्यापासून काय लपवलं, तेच कळत नाही मला."

डेल याच रायफलीने गेला. पिकअपच्या सीटवरून ओढून काढताना ती उडाली. शेरीफच्या माणसाने ती तपासायला माझ्याकडेच आणली होती. चाप किती जोराने ओढल्यावर सुटतो, हे मोजायचा एक स्प्रिंगचा काटा असतो. मी तो त्याच्यासमोर लावला. तीन पौंड. चापाच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिश होतं, अखंड. स्क्रू हलला तर ते तडकतं, म्हणून आम्ही लावून ठेवतो. तीन पौंडांचा चाप धक्क्याने सुटत नाही, त्याला बोट लागतं. त्याने तसं लिहून नेलं. त्या वर्षी पाऊस नव्हता, डेलने अर्धी गुरं काढून टाकली होती. गावाने काय काढायचा तो अर्थ काढला. मार्लाच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली.

खरी गोष्ट अशी, की चाप अकरा औंसांचा होता. एका पौंडात सोळा औंस. म्हणजे फुंकर मारली तरी सुटावा असा. तो मीच केला होता. डेलला शनिवारच्या स्पर्धेत एका भोकात पाच गोळ्या घालायच्या होत्या आणि तो रोज येऊन माझं डोकं खात होता. मलाही ते भोक बघायचं होतंच. बाकावर टेकवून मारायला असा चाप चालतो, गाडीत टाकून हिंडायला नाही. हे मी त्याला बजावलं होतं का? आठवून आठवून थकलो.

शेरीफचा माणूस रायफल माझ्याकडे ठेवून समोर जेवायला गेला होता. त्या अर्ध्या तासात मी स्क्रू दीड फेरा आवळला, बायकोच्या बाटलीतलं पॉलिश लावलं आणि फुंकर मारमारून वाळवलं.

आता तीच रायफल पुन्हा माझ्या टेबलावर होती. मी नळी साफ केली. सगळे स्क्रू तपासले. वर्कशॉपमागे मातीच्या बांधासमोर शंभर यार्डांवर कागद लावला आणि पाच गोळ्या मारल्या. भोकं बशीएवढ्या जागेत विखुरली. नळीचं तोंड नव्याने घासलं. पुन्हा बशी. दस्त्यात नवं रेझिन ओतून रायफल त्यात घट्ट बसवली, रात्रभर वाळू दिली. पुन्हा बशी. वारा पडलेला होता, काडतुसं मी स्वतः तोलून भरली होती. यापलीकडे मला काही येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी नेम धरत होतो. बोट चापाला नुसतं टेकलं, आणि गोळी सुटली.

बाकीच्या चार तशाच सुटल्या. कागदाजवळ गेलो, तर भोक एकच होतं. करंगळी जेमतेम जाईल एवढं.

काटा लावला. अकरा औंस.

पॉलिश अखंड होतं.

स्प्रिंग थकली असेल, असं मी स्वतःला समजावलं. नवी घातली, काट्यावर तीन पौंड मोजले, पॉलिश लावलं, आणि स्क्रूवरून कडेपर्यंत सुईने एक सरळ रेघ ओढली. स्क्रू केसभर हलला तरी रेघ तुटावी. पहिले पाच बार: बशी. मी कॉफी घेऊन परत आलो. बोट टेकलं. एकच भोक. अकरा औंस. रेघ सरळ होती.

चार दिवस हेच चाललं; स्क्रूला मी हात लावला नाही, चाप आपोआप तीनवर जायचा आणि आपोआप अकरावर यायचा. तीन पौंडांवर ती वेडीवाकडी मारायची. अकरा औंसांवर एका भोकात. ते भोक बघून दर वेळी मला डेलचा चेहरा आठवायचा: जिंकला की तो आधी माझ्याच पाठीत बुक्की घालायचा.

पाचव्या दिवशी सकाळी मी मार्लाला फोन केला.

ती आली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. स्पर्धा, अकरा औंस, तो अर्धा तास, बाटली. मी एवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण माझा जन्म मोजण्यात गेला. नुसत्या शब्दांवर कुणी विश्वास ठेवावा, हे मला पटतच नाही.

"माझं ऐकू नकोस," मी म्हणालो. "ही स्वतःच अकरा औंसांवर येते. हात न लावता. हा घे काटा, तूच मोज."

तिने काटा चापात अडकवला आणि ओढला. ओढत राहिली.

तीन पौंड.

"पुन्हा," मी म्हणालो.

तीन पौंड.

मी तिच्या हातून घेऊन ओढला. तीन.

मार्लाने काटा काढून टेबलावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"ऑरिन, मला बरं वाटावं म्हणून तू हे सगळं अंगावर घेतोयस ना?"

"मार्ला, मी खरं सांगतोय. स्क्रू मी फिरवला."

"डेल म्हणायचा, ऑरिन कशातही थाप मारेल, मापात मारणार नाही." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्यांदाच मारलीस. माझ्यासाठी. घरी जा, झोप काढ."

दारापाशी ती थांबली. "रायफल तुझ्याकडेच ठेव. आता कळलं ना मला. त्याचं त्यानेच केलं."

मी तिला हाक मारली. ती गाडीत बसली होती.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि खडीच्या रस्त्यावरची धूळ खाली बसली. मी काटा उचलून लावला.

अकरा औंस.

मान खाली घालून स्क्रूकडे पाहिलं. रेघ सरळ होती. पॉलिश लावून चार दिवस झाले होते. मी बोट टेकवलं.

पॉलिश ओलं होतं.