पिस्टन पुन्हा बाहेर

"हत्यारं आधी मांड, मग चाकाला हात लाव," असं वडील म्हणायचे. ते जाऊन बारा वर्षं झाली, तरी जॅक लावताना मेकॅनिकच्या कानाशी तो आवाज यायचाच. त्या दुपारीही त्याने फडक्यावर सगळं मांडलं. चाकाचा पाना, चौदा नंबरचा पाना, तारेचा ब्रश, ब्रेकचे पॅड धरणारा कॅलिपर टांगायला वाकवलेली तार, त्यातला पिस्टन मागे दाबायला सी-क्लॅम्प.

गाडी दादाची. तो गेला त्या अपघातानंतर डागडुजी होऊन वर्षभर ताडपत्रीखाली निजलेली.

"उद्यापासून लेक चालवणार," वहिनी म्हणाल्या. "ब्रेक नीट बघा, भावजी. बापाला तर मीच घालवलं."

"काहीतरीच काय, वहिनी!"

"लवकर या, लवकर या म्हणून फोन कुणी केला होता? घाईत गेले ते."

तो चाकाचे नट सोडू लागला. वर्षभर हा विषय तो असाच टाळत आला होता.

गेल्या साली गॅरेजच्या याच दारात त्याने या गाडीला नवे पॅड घातले होते. पिस्टन मागे दाबला की गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, पिस्टन पुन्हा बाहेर येऊन पेडल पायाला घट्ट लागेपर्यंत. नाहीतर पहिला ब्रेक पोकळ जातो. त्या दिवशी भावाभावांच्या थट्टेत तेवढं राहिलं. "कासवा, उरक की!" म्हणत दादा आत बसला आणि उताराला लागला. पहिलंच वळण खाली होतं.

कॅलिपर सुटला. त्याने तो तारेला टांगला, पिस्टनवर जुना पॅड ठेवून क्लॅम्प आवळला. पिस्टन निमूट आत गेला. क्लॅम्प काढून तो नवा पॅड घ्यायला वळला.

पिस्टन बाहेर आला होता.

त्याने पुन्हा आवळला. या वेळी नजर हलवली नाही. पिस्टन गोगलगायीसारखा हळूच पुढे आला. थांबला. अजून थोडा आला.

"भावजी," गाडीमागून वहिनी म्हणाल्या, "आत कोण बसलंय?"

"कोणी नाही. का?"

"मागचे ब्रेकचे लाल दिवे लागतायत. विझतायत. परत लागतायत."

किल्ली त्यांच्या मुठीत होती.

त्याने दार उघडलं. सीट रिकामी. पेडल सावकाश खाली जात होतं, वर येत होतं. त्यात राग नव्हता. कुणीतरी नीट तपासून बघत असावं, तसं.

पेडल वर आलं तेव्हा त्याने त्याच्याखाली तळहात धरला.

वजन आलं.

लहानपणी दमून पालथा पडला की दादा त्याची पाठ पायाने तुडवून द्यायचा. तेवढंच. तसंच जपून दिलेलं.

"काय झालं?" वहिनी दाराशी आल्या. "बोला ना."

वजन हललं नाही. वाट पाहत राहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "दादा तुमच्या फोनामुळे गेला नाही. पेडल न दाबताच गाडी मी त्याच्या हातात दिली."