पूजेतला स्फटिक

लवळ्याच्या टेकडीवर आमची प्रयोगशाळा आहे. खंडेनवमीला आम्ही आमच्या अतिशीत यंत्राला हळदकुंकू लावतो आणि त्या दिवशी ते चालवत नाही. यंदाही आतला स्फटिक काढून बशीत ठेवला, झेंडूचं फूल वाहिलं. दसऱ्याला पूजा उतरवताना प्रयोगातला माझा जोडीदार दिग्विजय म्हणाला, "तू जा आरोही, मी परत लावतो."

मी गेले. पुन्हा उघडून तपासायचं म्हणजे माणसावर संशय घ्यायचा, आणि दिग्विजयवर माझा डोळे झाकून विश्वास. गाढवच मी.

हा स्फटिक मोठा विक्षिप्त. वीज वाहते ती नुसती कातडीवरून. पोट ठार बंद. पण कडाक्याच्या थंडीत त्याच्यावर दाब वाढवत नेला, की एका क्षणी त्याची जातच बदलते आणि कातडीवरचा प्रवाह थांबतो. तो क्षण पकडण्यावर माझी पीएचडी टांगलेली होती.

दिग्विजय परिषदेसाठी हैदराबादला गेला. मी न उघडताच यंत्र थंड केलं, दाब चढवला, आणि आलेखात ते वळण आलं. इतकं स्वच्छ, की डोळे भरून आले. आलेख सगळ्यात आधी त्यालाच पाठवला.

दोन दिवसांनी तोच आलेख परिषदेच्या संकेतस्थळावर, त्याच्या शोधनिबंधात दिसला. नाव एकट्याचं.

मी सुन्न बसले होते. झाडलोट करणाऱ्या रंभाबाईंनी काय झालं ते विचारलं, मी सांगितलं.

"त्यो दगड व्हय? पूजेतनंच सायबांनी खिशात घातला न्हवं. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

यंत्र तापू दिलं आणि दुपारी उघडलं. केसासारख्या चार तारा हवेत लोंबत होत्या. स्फटिकाची बैठक रिकामी होती.

मग मी पाठवला तो आलेख कशाचा होता?

पडद्यावरची आलेखाची रेघ अजून सरकत होती.

फोन वाजला. दिग्विजयच.

"आरोही, इथल्या यंत्रात हा स्फटिक काहीच दाखवत नाहीये. काढून हातात घेऊन बसलोय. उद्या लोकांसमोर दाखवायचंय. तू नक्की काय केलं होतंस?"

"आत काही नव्हतंच, दिग्विजय."

तो हसला. "हे बघ, तुझं नाव मी घालणारच होतो."

संतापाने मी त्या रिकाम्या बैठकीवर बोट टेकवलं.

तिथे काहीतरी लागलं. गुळगुळीत, कोमट.

"आरोही," त्याचा आवाज एकदम खाली आला, "माझ्या तळहातावर आत्ता बोट कुणी ठेवलं?"

पडद्यावरची रेघ वळायला लागली.

मी बोट उचललं नाही. दाबलं.