दादाचं गणित अजून चालू आहे

हे खरं घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, आमच्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, संगणकांच्या खोलीत हे झालं.

माझा दादा त्याच खोलीत वारला. खुर्चीत बसल्या बसल्या, उत्तराची वाट बघत. अंगात ताप होता, खोकत होता. सरांनी रजा दिली नव्हती. आकडे आले की जा, म्हणाले होते.

दादा आणि मी एकाच सरांच्या हाताखाली होतो. काही पदार्थांत इलेक्ट्रॉन एकमेकांना सुखाने जगू देत नाहीत. एक हलला की सगळ्यांच्या पोटात दुखतं. अशा पदार्थातून वीज किती सहज वाहील, हे कागदावर सुटत नाही. मग संगणकाला लाखो वेळा फासे टाकायला लावायचे आणि सरासरी काढायची. पण पदार्थ थंड करत न्यावा तशा अधिक-उणे संख्या एकमेकींना खाऊन टाकतात. हाती उरतो नुसता गोंधळ. त्या थंडीच्या पलीकडे आमच्यापैकी कोणी जाऊ शकलं नव्हतं. दादा मरेपर्यंत त्या भिंतीवर डोकं आपटत राहिला.

त्याच्या आकड्यांवर सरांचा पेपर निघाला. दादाचं नाव शेवटी, आभारात, बारीक अक्षरांत. वहिनीने पानावर बोट फिरवत ते शोधलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

मी तडक सरांकडे गेले. ते म्हणाले, दादाच्याच प्रोग्रामने ती भिंत ओलांडून दाखव, पुढच्या पेपरात त्याचं नाव पहिलं घालतो. गाजर होतं, कळत होतं. तरी वहिनीचं ते बोट डोळ्यांसमोरून जाईना.

म्हणून त्या दुपारी मी दादाचा प्रोग्राम म्हातारीवर लावला. म्हातारी म्हणजे कोपऱ्यातलं जुनं मशीन, दादाचं लाडकं. तिच्या पंख्यांची घरघर एवढी की शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही.

आकडे सरकू लागले... आणि घरघर थांबली.

वाटलं, गचकली म्हातारी. पण पडद्यावर आकडे पळतच होते. पंखे बंद, गणित चालू.

मग...

टक्. टक्.

पेनाचं टोपण टेबलावर आपटल्याचा आवाज. विचार करताना दादाला ती खोड होती. वैतागून वहिनी हातातलं पेन काढून घ्यायची.

खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

उत्तर आलं. भिंतीच्या कितीतरी पलीकडचं, आणि गोंधळाचा मागमूस नाही. काहीतरी चुकलं असणार म्हणून मी फाशांचा सुरुवातीचा आकडा बदलला आणि पुन्हा लावलं. असं केलं की उत्तरातली दशांशाची शेवटची घरं थोडी तरी हलायलाच हवीत. फासेच ते.

हलली नाहीत.

पुन्हा बदलला... शेवटच्या घरापर्यंत तेच उत्तर.

शेजारच्या नव्या मशीनवर तोच प्रोग्राम लावला, तर नेहमीचा गोंधळ. तेव्हा कळलं. म्हातारीवर फासे टाकले जातच नव्हते. कोणीतरी बसून सगळं हातानं सोडवत होतं.

"दादा, पुरे आता," मी म्हटलं. "घरी जा."

टक्. टक्.

दुसऱ्या दिवशी मी सरांना खाली आणलं. ते कान देऊन उभे राहिले. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हा माणूस हात जोडेल, माफी मागेल.

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"अजून किती थंड करता येईल?" त्यांनी विचारलं.

पेपर आला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने खरा पदार्थ थंड करून मोजलं, तर आकडे तंतोतंत जुळले. सरांचा सत्कार झाला. नाव एकट्या सरांचं. दादाचं आभारातही नाही. मी जाब विचारला तर म्हणाले, मशीनने काढलेल्या उत्तराला लेखक कुठून आणायचा?

त्याच संध्याकाळी मी जाऊन म्हातारीची वायर उपटली.

पडदा विझला नाही. आवाजही थांबला नाही.

तेव्हापासून त्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली सरांच्या खिशात. रोज ते नवं काम लावतात आणि वेळेवर घरी जातात. जिवंतपणी राबवलं ते कमी पडलं होतं बहुतेक.

मी जाता-येता दाराला कान लावते. हल्ली टक्-टक् संथ झाली आहे. आणि परवा मधूनच... खोकला ऐकू आला. शेवटच्या दिवसांतला, कोरडा.

काल वहिनी भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाव राहू दे गं. तो सुटला, एवढं पुरे."

मी हो म्हटलं.