एकशे बारानंतर

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात, चांदला दफन करून आठ दिवस झाले होते. त्याचा धाकटा भाऊ निजाम जुन्नरातल्या घराच्या मागच्या अंगणात वाळलेले कागद सोडवायला गेला. ओला कागद चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवायचा, उन्हानं कडक झाला की कोपरा धरून सोलायचा. घरचा धंदाच तो. हवेत भिजल्या लगद्याचा आंबूस वास होता.

पहिल्याच कागदावर बोटाला काहीतरी लागलं. १०८. शाई नव्हती, आकडा कागदातूनच वर आला होता. भिंतीला ओरखडा असेल म्हणून त्यानं तळवा फिरवला. भिंत नितळ. शिवाय ओरखड्याचा आकडा उलटा उमटला असता. हा सरळ होता.

दुसऱ्या दिवशी ११०. तिसऱ्या दिवशी १११.

"अम्मा, भाईचं अक्षर हाय हे."

बिबिजाननं कागद हातात घेतला नाही. "जाळ ते. माजं पोरगं कबरीत हाय, निजाम. भिंतीत कोन हाय ते मला नको सांगू..."

निजामला ठाऊक होतं. तापात चांद हेच आकडे पुटपुटायचा. आकड्यातले अंक मिळवायचे आणि त्या बेरजेनं त्याच आकड्याला भागायचं. बाकी उरली नाही तर तो आकडा चांदचा. शेवटच्या दुपारी त्यानं विचारलं होतं, "एकशे बारानंतर कोनता, रं?" निजाम तिसरीतून शाळा सोडलेला, औषधासाठी वणवण करून आलेला. "एकशे तेरा. मर तिकडं तुज्या आकड्यांत," तो म्हणाला. दिवस मावळायच्या आत चांद गेला.

आता भाऊ एकेक आकडा करत त्याच प्रश्नापाशी येत होता.

चौथ्या दिवशी ११२ निघाला. निजाम मातीत बसला आणि काडीनं भागाकार मांडू लागला. एकशे तेराची बेरीज पाच, बाकी तीन. एकशे चौदाची सहा. बाकी काहीच नाही.

तो भिंतीकडं वळला. "भाई... एकशे चौदा. चुकलं माजं. मनात नको ठेवू."

त्यानं नवा कागद चिकटवला. वाळेपर्यंत तिथंच उन्हात उभा राहिला. मग सोलला.

कोरा. इतका साफ कागद त्या घरात कधी निघाला नव्हता. निजाम मोकळेपणानं रडला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

"सदरा दे, धुते," अम्मा म्हणाली. तो उघडाच उंबऱ्यावर बसला. ऊन कलत होतं. पाठीवर बोट फिरलं, सावकाश. एक. पुन्हा एक. मग सात.

"एकशे सतरा," तो हसून म्हणाला. "बेरीज नऊ. नवाचा भाग तेरा वेळा जातो. तुला कुनी शिकवलं, अम्मा?"

"कुनाशी बोलतोस, रं?"

बिबिजान समोर अंगणात उभी होती. दोन्ही हातांनी सदरा पिळत.

पाठीवरचं बोट पुढचा आकडा गिरवू लागलं होतं.